एक ऑक्टोबरच्या आधी

३ ऑगस्ट २०२५, रविवार. लान्सिंग, मिशिगन

धनुष्य दुकानात नेऊन आणलं. धनुष्यबाणाने हरणांच्या शिकारीचा मोसम इथे दर वर्षी १ ऑक्टोबरला उघडतो आणि त्याचा पहिला टप्पा १४ नोव्हेंबरपर्यंत चालतो. दुसऱ्या दिवसापासून रान बंदूकवाल्यांचं. सप्टेंबर सरत आला की या दुकानात उभं राहायला जागा नसते, म्हणून आत्ताच गेले.

कारागिराने दोरीवरून नख फिरवलं आणि कॅमजवळचे उसवलेले धागे दाखवले. "मेण लावून भागणार नाही. दोरी बदलू." नवी दोरी चढल्यावर त्याने मला स्टुलावर बसवलं, पाय जमिनीवरून उचलायला सांगितले आणि धनुष्य वर न नेता सरळ समोर धरून ओढायला लावलं. ओढलं. "आता अर्धा मिनिट धरा." धरलं. "आता दोरी सावकाश जागेवर न्या."

खांद्याला हिसका बसला तो इथे. कंपाऊंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना कॅम म्हणजे आस मध्यावर नसलेली चाकं असतात. ओढताना भार शिगेला जातो आणि दोरी पूर्ण मागे आली की कॅम पलटून त्यातला बहुतेक भार स्वतःकडे घेतात. पन्नास पौंडांच्या धनुष्यात हाताला उरतात जेमतेम दहा. दोरी परत नेताना मात्र कॅम उलटे पलटतात आणि तो सगळा भार एका क्षणात अंगावर येतो. कारागिराने वरच्या-खालच्या दोन्ही लिंबचे, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांचे, बोल्ट सारखेच फिरवून पन्नासाचे पंचेचाळीस केले. म्हणाला, "किती ओढता येतं हे सगळे सांगतात. मी बघतो किती परत नेता येतं."

काउंटरमागे उभं चिरलेलं एक लिंब टांगून ठेवलं आहे. बाण न लावता दोरी सोडली की तिच्यातली शक्ती घेऊन जायला कुणी नसतं. ती धनुष्यातच परत शिरते आणि लिंब, कॅम, दोरी यांपैकी जे कच्चं असेल ते तोडते. लेकीला मुद्दाम ते दाखवलं. दुकानात धनुष्य हातात घेतलं की पहिल्यांदा दोरीच ओढावीशी वाटते सगळ्यांना.

९ ऑगस्ट, शनिवार

आज निशाण नाहीच. कोच बाईंनी तीन पावलांवर फोमचा कोरा ठोकळा ठेवला आणि साइट काढून घेतली. डोळे मिटून बाण सोडायचे, लक्ष फक्त शरीराकडे.

धनुष्य मुठीत आवळायचं नसतं. त्याची मूठ आयुष्यरेषेच्या अलीकडे, अंगठ्याच्या गादीवर टेकवायची, बोटांची पेरं तिरकी, साधारण ४५ अंशांत, बोटं सैल. आवळलं की सोडण्याच्या क्षणी मनगट धनुष्याला पीळ देतं आणि बाण बाजूला जातो. कोपर जरा बाहेर वळवलं की दोरीला वाट मिळते, हाताच्या आतल्या बाजूला फटका बसत नाही. पुढचा खांदा खाली. ओढणाऱ्या हाताची पेरं जबड्याच्या हाडामागे, दोरी नाकाच्या शेंड्याला. प्रत्येक बाणाला ही दोन्ही ठिकाणं, म्हणजे अँकर, लागलीच पाहिजेत, तरच दोरीतल्या पीपचं, म्हणजे पाहायच्या कडीचं, वर्तुळ साइटच्या वर्तुळात नेमकं बसतं.

ओढायचं दंडाने नाही, पाठीने. खांद्याची फरी मणक्याकडे सरकते आहे हे लक्षात ठेवलं की दंड आपोआप ढिला पडतो. लेकीने मागून व्हिडिओ घेतला. बाण आणि मागचं कोपर एका रेषेत हवेत. थकले की कोपर खाली उतरायला लागतं. ते उतरलं की त्या दिवसाचा सराव संपवायचा, असं ठरवलं. दमलेल्या अंगाने सोडलेले बाण वाईट सवयच घट्ट करतात.

१७ ऑगस्ट, रविवार

रेंजवर गर्दी. मोसम जवळ आला की वर्षभर न दिसणारी माणसं दिसू लागतात. शिट्ट्यांची शिस्त मात्र सगळ्यांना एकच: दोन वाजल्या की रेषेवर यायचं, एक वाजली की बाण सोडायचे, तीन वाजल्या की बाण आणायला जायचं. पाच किंवा जास्त वाजल्या तर हातातलं सगळं थांबवायचं, ओढलेली दोरीही परत न्यायची. बाणांकडे धावत जायचं नाही; रुतलेल्या बाणांची मागची टोकं डोळ्यांच्या उंचीला असतात. उपसताना मागे कुणी उभं नाही ना, हे आधी पाहायचं.

मागच्या महिन्यापासून एक खोड लागली आहे. साइटची पिन मध्यावर आली रे आली की बोट रिलीजचा, म्हणजे दोरी सोडायच्या यंत्राचा, घोडा दाबून मोकळं होतं. इथे याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि भल्याभल्यांना ते गाठतं. पिन कधीच ठार स्थिर राहत नाही, ती तरंगतेच. तिला तरंगू द्यायचं आणि पाठीचा ताण वाढवत न्यायचा. बाण नेमका कधी सुटेल ते स्वतःलाही कळता कामा नये. घोडा बोटाच्या टोकाने न दाबता दुसऱ्या पेरात अडकवायचा, म्हणजे बोटाला चाळा करता येत नाही.

कोच बाईंनी त्यावर खेळ लावला. मी पूर्ण ओढून नेम धरायचा. मग त्या म्हणणार "सोड" किंवा "लेट डाऊन". काय म्हणतील ते आधी कळत नाही. लेट डाऊन म्हटलं की नेम कितीही चांगला लागलेला असो, दोरी जागेवर. पहिला अर्धा तास राग आला. नंतर लक्षात आलं, बोटाची घाई कमी झाली आहे. सोडायचंच असं नसेल तर मन उतावीळ होत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

दिवसभर बाण तपासले. कार्बनचा बाण दिसायला धड आणि आतून चिरलेला असू शकतो. दोन्ही टोकं धरून हलकेच वाकवायचा, फिरवून पुन्हा वाकवायचा, मग पिळायचा, आणि कानाजवळ धरून ऐकायचं. करकर आली की बाण मोडून टाकायचा. नुसता बाजूला ठेवला तर कुणीतरी उचलून लावतो. चिरलेला बाण सुटताना फुटला तर त्याची शकलं धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

दोन बाणांच्या मागच्या खाचेला केसाएवढी भेग होती. खाच दोरीवरून निसटली तर दोरी रिकामीच सुटते, म्हणजे पुन्हा दुकानातलं ते चिरलेलं लिंब. बाण फार हलका असला तरी तेच. धनुष्याच्या पौंडामागे निदान ५ ग्रेन वजन हवं असा दंडक आहे. माझ्या पंचेचाळीस पौंडांना २२५ ग्रेन. माझे बाण ४००च्या आसपास, म्हणजे सव्वीस ग्रॅम. जड बाण हळू जातो, पण धनुष्याचा आवाज कमी करतो आणि खोल जातो.

३१ ऑगस्ट, रविवार

घरी गौरी आल्या. मांसाहार बंद, सराव चालू.

आजपासून ब्रॉडहेड. एरवी सराव फील्ड पॉइंटवर, म्हणजे साध्या टोकावर होतो. ब्रॉडहेडला वस्तऱ्याच्या धारेची पाती असतात. वजन तेवढंच असलं तरी ही पाती पुढे वारा धरतात, त्यामुळे धनुष्याच्या जुळणीतला बारीकसा दोष साध्या टोकाला लपतो तो इथे उघडा पडतो. माझे बाण वीस यार्डांवर चार बोटं उजवीकडे गेले. साइट हलवून ते मध्यावर आणता येतील, पण मग साधे बाण डावीकडे जातील. खरा इलाज म्हणजे बाण टेकतो तो रेस्ट किंचित सरकवत दोन्ही टोकं एकाच जागी आणणं. संध्याकाळपर्यंत आली.

पाती बसवायला प्लास्टिकची किल्ली मिळते, बोटांनी फिरवायचं नाही. बाण भात्यात जातो तेव्हा पाती टोपणात पूर्ण बुडालेली पाहिजेत. बाणांच्या शिकारीत माणसं जखमी होतात ती बहुधा दुसऱ्याच्या बाणाने नाही, स्वतःच्या पात्याने आणि स्वतःच्या पडण्याने.

७ सप्टेंबर, रविवार

रात्री जागून क्वांगजूची जागतिक स्पर्धा पाहिली; तिकडे दिवस होता. कंपाऊंडच्या पुरुष संघाने फ्रान्सला २३५-२३३ असं हरवून भारताला पुरुष कंपाऊंडमधलं पहिलं सांघिक विश्वविजेतेपद मिळवून दिलं. ऋषभ यादव, अमन सैनी आणि आपला प्रथमेश फुगे.

दोन वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली आणि त्याच दिवशी ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. ती साताऱ्याची, तो नागपूरचा. दोघं घडले साताऱ्यात, प्रवीण सावंत यांच्या हाताखाली. साताऱ्यात वाढलेल्या मला ते धनुष्य मात्र पहिल्यांदा हाताळायला मिळालं मिशिगनमध्ये.

आकडे पाहिले तर शिकार सोपी वाटते. त्यांचं निशाण पन्नास मीटरवर आणि त्यातलं दहाचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं. हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा वीस सेंटिमीटर धरतात आणि मी उभी राहणार अठरा मीटरवर. पण त्यांचं निशाण ऐकत नाही, वळत नाही आणि चुकीच्या जागी लागलं तर विव्हळत रानात जात नाही. तिथे हुकल्याची किंमत गुणांत मोजतात.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे तीच. वैयक्तिक सामन्यात एका बाणाला वीस सेकंद मिळतात. घड्याळ उतरत असतानाही खेळाडू नेम बिघडला की दोरी परत नेतो आणि उरलेल्या सेकंदांत पुन्हा ओढतो. प्रेक्षकांचा श्वास अडकतो, त्याचा चेहरा बदलत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

उत्तरेला ग्रेलिंगवरून जाऊन आलो. धनुष्यांचा कारखानदार फ्रेड बेअर याचं गाव. १९३३ मध्ये त्याने डेट्रॉइटमध्ये कारखाना काढला आणि १९४७ मध्ये तो इथे हलवला. पुढे १९७८ मध्ये कारखाना फ्लोरिडाला गेला. त्याने कारखाना काढला तेव्हा धनुष्यांना कॅम नव्हते. कॅमची कल्पना मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनची, त्याचं पेटंट १९६९ चं. जुन्या धनुष्यात पूर्ण ओढल्यावर पूर्ण भार हातावर असतो, त्यामुळे फार वेळ धरवतच नाही. कंपाऊंडमध्ये धरता येतं, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो. या यंत्राने अंतर वाढवलं असं लोक म्हणतात. माझ्या दृष्टीने त्याने वाढवला तो हा वेळ.

२० सप्टेंबर, शनिवार

ज्यांच्या रानात मी बसणार त्या शेतमालकांच्या ओकच्या रांगेत ट्री स्टँड बसवला, जमिनीपासून पाच मीटरवर. ते पंचाहत्तरीचे आहेत. मला शिडीला हात लावू देण्याआधी त्यांनी पट्ट्यांची शिवण इंच-इंच तपासली. उन्हाने पट्टे कुजतात, खारी कुरतडतात, आणि हार्नेसवर वापराची मुदत छापलेली असते ती कुणी वाचत नाही.

नियम त्यांनी तिथेच म्हणून घेतले. जमीन सुटण्याआधी हार्नेस झाडाच्या दोराला जोडलेला. तो दोर तळापासून स्टँडच्या वरपर्यंत जातो आणि त्यावरची गाठ आपल्याबरोबर सरकते. शिडीवर नेहमी तीन आधार, दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय. धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही. ते खाली राहतं, दोर बांधलेलं, बाण भात्यात. वर बसून झाल्यावर ओढून घ्यायचं. वर दोर डोक्याच्या उंचीला बांधायचा आणि ढील इतकी कमी की बसल्यावर तो जवळजवळ ताणलेला असावा. पडलंच तर इंचभर पडायचं, मीटरभर नाही.

लोंबकळत राहणंही धोक्याचं. मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्त पायांत अडकतं, काही मिनिटांत भोवळ येऊ शकते. म्हणून हार्नेसच्या खिशात पायाखाली घ्यायची एक वादी असते. तिच्यावर उभं राहून भार हलका करायचा. फोन आणि शिट्टी छातीच्या खिशात, पाठीवरच्या पिशवीत नाही. मालकांनी मला जमिनीपासून हातभर उंचीवर लोंबकळायला लावलं आणि वादी काढून दाखव म्हणाले. निघाली, पण हातमोजे घालून फार वेळ लागला.

"कुठे बसणार, किती वाजता उतरणार, हे घरी लिहून ठेवा," एवढं सांगून ते सफरचंदं वेचायला गेले.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. आईचा फोन.

"अदितीचं धनुष्य असंच असतं ना गं?"

"असंच. चाकं असलेलं."

"ती कागदावर मारते. तू हरणावर मारणार."

सांगितलं तिला: इथे लांडगे उरलेले नाहीत अशा भागात हरणं माजली आहेत, या एका राज्यात वर्षाला ५०,००० हून जास्त वेळा ती मोटारींना धडकतात, मोसम आणि परवाने सरकार ठरवतं, आणि घरी आणलेलं मटण वाया जात नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीवर बंधनं आली तेव्हा जनावरं संपत आली होती. इथलं गणित उलटं आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ते सरकारचं झालं. तुला का मारायचंय?"

म्हटलं, मटण मी खातेच. दुकानातल्या पाकिटातल्या जनावराचं शेवटचं कसं झालं ते मला माहीत नसतं. याचं माहीत असेल, आणि ते नीट झालं नाही तर जबाबदारी माझी असेल.

"मग नीट कर," आई म्हणाली. पटलं असं म्हणाली नाही. नवमीला धनुष्याला हळद-कुंकू लाव, हे मात्र बजावलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज सगळं खरं घालून सराव. जाड जाकीट, हातमोजे, हार्नेस, डोक्यावर टोपी. उन्हाळ्यात टी-शर्टवर बसवलेला अँकर टोपीच्या काठाने बिघडतो. दोरी डाव्या बाहीला घासते आहे. बाहीवर पट्टा आवळला.

वरून खाली नेम धरताना लोक फक्त हात खाली नेतात. मग पाठ सुटते, अँकर हलतो, बाण उंच जातो. आधी समोर सरळ नेम धरून मगच कमरेतून वाकायचं, म्हणजे छाती आणि हातांचा काटकोन मोडत नाही. साइट लावायची ती आडव्या अंतराची. पाच मीटर उंचीवरून तिरकं अंतर सव्वाअठरा मीटर भरलं तर आडवं साडेसतरा, फरक किरकोळ. इतक्या जवळून बाण चुकतो तो मोडलेल्या अंगस्थितीने.

दूरचं काय? माझा बाण सेकंदाला सुमारे सत्तर मीटर जातो. वीस यार्डांना पाव सेकंद लागतो. दोरीचा आवाज मात्र तिथे सेकंदाच्या विसाव्या भागात पोहोचतो. दचकलेलं हरिण उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं. पाव सेकंदात ते फार दबत नाही. चाळीस यार्डांवर अर्धा सेकंद मिळतो, तेवढ्यात काळजाची जागा बाणाखालून निघून गेलेली असते. रेंजवर चाळीसचे बाण मी बरे मारते. त्याचा इथे काही उपयोग नाही.

शिवाय तिथे पहिल्या बाणाला धरून दहावा बाण चांगला येतो. रानात पहिलाच असतो. म्हणून महिनाभर रोज सकाळी कामाला जाण्याआधी अंगणात, अंग न तापवता, एकच बाण. तो कागदी वीस सेंटिमीटरच्या आत बसतो त्या अंतराला माझी हद्द म्हणायचं. वीस यार्ड.

३० सप्टेंबर, मंगळवार

परवाना आणि टॅग पाकिटात. १ जानेवारी १९६० पासून पुढे जन्मलेल्यांना इथे शिकारसुरक्षेचा दाखला लागतो, तोही आहे. वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. हरिण मिळालं तर ७२ तासांत सरकारकडे ऑनलाइन नोंद.

वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःसाठी लिहिलं:

वीस यार्डांपलीकडे नाही. पूर्ण आडवं उभं, किंवा शेपटीकडून थोडं तिरकं, तरच. तोंड माझ्याकडे असेल तर नाही. सरळ पायाखाली असेल तर नाही. चालत असेल तर नाही. मागे काय आहे ते दिसत नसेल तर नाही. बाण लागल्यावर निदान अर्धा तास खाली उतरायचं नाही. जखमी जनावर पाठलाग नसेल तर जवळच बसतं.

वाचून पाहिलं. बहुतेक ओळी "नाही"नेच संपतात.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

अंधारात शिडी चढले, जोडलेली. धनुष्य ओढून घेतलं, मग बाण लावला.

उजाडल्यावर तासाभराने एक मादी ओकच्या रांगेतून आली. खाली पडलेली फळं वेचत, थेट माझ्या दिशेने. रेंजफाइंडरने आधी मोजून ठेवलेल्या खोडापाशी थांबली, पंधरा यार्डांवर. तिचं डोकं खोडाआड गेलं तेव्हा ओढलं. पीप जागेवर, साइटच्या पातळीचा बुडबुडा मध्यावर. ती बाहेर आली ती छाती माझ्याकडे करूनच. समोरून फुप्फुसांकडे जायला वाट अरुंद, दोन्ही बाजूंना हाडं. वळेल म्हणून धरून राहिले. पाठीचा ताण ढिला पडू लागला तशी कारागिराचं ऐकून दोरी सावकाश परत नेली. कॅम पलटले, खांदा जागचा हलला नाही. तिने कान फिरवले, पुन्हा खायला लागली आणि कुंपणापलीकडे निघून गेली.

नऊ वाजता उतरले. बाण आधी भात्यात, धनुष्य दोराने खाली, मग मी.

घरी पाटावर धनुष्य ठेवून हळद-कुंकू लावलं. ब्रॉडहेड काढून कुलपाच्या पेटीत. लेकीने झेंडूची दोन फुलं ठेवली आणि दोरीला कुंकू लागू नये म्हणून लक्ष ठेवलं.

शेतमालकांना फोन केला.

"दिसलं काही?"

"दिसलं. पंधरा यार्डांवर."

"मग?"

"तोंड माझ्याकडे होतं."

"मग बरोबर केलंत," म्हणाले, आणि लगेच शिडीच्या तिसऱ्या पायरीच्या बोल्टवर आले. तो कुरकुरतो आहे, शनिवारी येताना दहा नंबरचा पाना आणा.